पायांची वळवळ आईच्या पोटातूनच येते का? गरोदर बायांचे आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी सव्वीस वर्षं नर्स होते. गरोदर बाया तपासणीला आल्या की कंबरदुखी, जळजळ, पायांची सूज हे सगळं आपणहून सांगायच्या. एक तक्रार मात्र तपासणी संपून दाराशी गेल्यावर, चपला घालता घालता निघायची. "बाई, रातले पाय वळवळ करतस." आणि लगेच, "जाऊ द्या, काही नही."

ही तक्रार माझ्या घरात तीन पिढ्यांची आहे. आजीला होती, आईला आहे, मला दुसऱ्या बाळंतपणापासून आहे. आता लेक गरोदर आहे. मागच्या महिन्यात तिने पोटावर हात ठेवून विचारलं, "आई, हे बाळात आत्ताच चालू झालं असेल का?" तिच्यासाठी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि उपकेंद्रावर वर्षानुवर्षं पाहिलं, ते इथे प्रश्नोत्तरांत लिहिते आहे.

पाय हलवणं ही तर सवय. तिला आजार कशाला म्हणायचं?

सवय असती तर रागावून सुटली असती. तिन्हीसांजेला बसल्या बसल्या पाय हलवला की आमच्याकडे मोठी माणसं गुडघ्यावर चापट मारायची, घरात दळिद्र येतं म्हणायची. आजीने ते सगळं ऐकून घेतलं, पण पाय थांबले नाहीत. उन्हाळ्यात आम्ही सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायचो. दिवा मालवून तासभर झाला की तिच्या जोडव्यांचा आवाज सुरू व्हायचा, धाब्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून ती पोटरीला करकचून बांधायची. सकाळी पट्टी सोडली की कातडीवर काठाची नक्षी उमटलेली दिसायची. दुखतं का विचारलं तर म्हणायची, "दुखत नही, पन पाय जागावर ऱ्हात नही." श्रावणात कानबाईच्या रोटांना रात्रभर जागरण असतं. वर्षातली ती एकच रात्र अशी, की तू अजून झोपली का नाहीस, असं तिला कुणी विचारायचं नाही.

तिच्या त्या एका वाक्यात आजाराची ओळख आहे. पाय हलवावेसे वाटणं आवरत नाही. बसलं किंवा पडलं की ते वाढतं. चाललं, ताणलं, चोळलं की तेवढ्यापुरतं थांबतं. आणि दिवसापेक्षा संध्याकाळी-रात्री जास्त होतं. या चारही गोष्टी जुळल्या, आणि गोळा येणं, शिरा फुगणं, सूज, मधुमेहाने नसा बधिर होणं असं दुसरं कारण निघालं नाही, की डॉक्टर याला रेस्टलेस लेग्स सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात आरएलएस. इंग्लंडचे वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. अशा माणसाला झोपणं म्हणजे छळाच्या जागी पडून राहण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४५ च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी त्याला आजचं नाव दिलं. गरोदर बायांमध्ये आणि रक्त कमी असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं.

मग हा आजार जन्माच्या आधीच सुरू होतो का?

त्रास जन्माआधी सुरू होत नाही. त्रासाकडे झुकणारी मेंदूची घडण मात्र पोटात असतानाच होत असावी, असं म्हणायला आता चांगला आधार आहे. लेकीलाही मी याच शब्दांत सांगितलं.

२००७ मध्ये जर्मनीतल्या आणि आइसलँडमधल्या संशोधकांनी या आजाराशी जोडलेली पहिली जनुकं शोधली. त्यांतल्या एकाचं नाव मेइस-१. नवल असं की हे जनुक मोठ्या माणसाच्या पायाचं किंवा झोपेचं म्हणून ओळखलं जात नव्हतं. गर्भात हातपाय, हृदय, मेंदू घडताना जी जनुकं मुकादमासारखी इतरांना कामाला लावतात, त्यांतलं ते एक. पुढे २०१४ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी त्या जनुकातलाच एक छोटा तुकडा उंदरांच्या गर्भात तपासला. हा तुकडा स्वतः काही बनवत नाही. जनुक कुठे आणि किती चालवायचं, एवढंच तो ठरवतो, शेतातल्या पाण्याच्या चावीसारखा. आजाराशी जोडलेला फरक त्या तुकड्यात असला की चावी कमी उघडते, आणि तेही नेमकं गर्भाच्या मेंदूतल्या ज्या भागातून पुढे हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रं तयार होतात त्या भागात. ज्या उंदरांत मेइस-१ ची एक प्रत बंद केली होती, ते मोठेपणी जास्त चुळबुळे निघाले.

म्हणजे पन्नाशीत जाणवणाऱ्या त्रासाची एक मुळी गर्भातल्या मेंदूच्या घडणीपर्यंत जाते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हा "मनाचा खेळ" नाही, हे याहून ठाम कुणी काय सांगणार? पण हे काम उंदरांवरचं आहे, आणि एका जनुकाचं आहे. माणसाच्या पोटातल्या बाळाला हा आजार आहे की नाही, हे कुठल्याही सोनोग्राफीत दिसत नाही.

आमच्या घरात सासू, नणंद, नवरा, सगळ्यांना आहे. बाळाला होणारच का?

होणारच, असं नाही. हा आजार घरात चालत येतो हे खरं. लहान वयात ज्यांना सुरू होतो त्यांच्या घरात तर बहुतेक कुणी ना कुणी असतंच. एकसारख्या जुळ्यांत एकाला असला तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण मोठं आहे. पण तो एका जनुकाने येत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, त्रास असलेल्या एक लाखाहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा आजाराशी जोडलेल्या १६४ जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा अगदी थोडा. असे फरक अंगात असूनही आयुष्यभर शांत झोपणारी माणसं कितीतरी आहेत.

शिवाय ही माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. तिथे मोठ्या माणसांत हे प्रमाण पाच ते दहा टक्के सांगतात. बंगळुरूतल्या एका पाहणीत ते दोन टक्क्यांच्या आसपास आलं होतं. म्हणून तिकडचे आकडे उचलून आपल्या लेकराचं भविष्य मांडू नये.

बाळ रात्री फार लाथा मारतं. त्यालाही वळवळ आहे का?

नाही. रात्री तुम्ही शांत पडलेल्या असता म्हणून हालचाल जास्त कळते, आणि बाळंही संध्याकाळनंतर जास्त हलतात. बाळ हलतंय हे चांगलं लक्षण आहे. घाबरायचं ते उलट झालं तर. रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली की सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जायचं.

आरएलएस ओळखायला माणसाने स्वतः सांगावं लागतं की "मला पाय हलवावेसे वाटतात." पोटातलं बाळ किंवा तान्हं मूल ते सांगू शकत नाही. तान्ह्या बाळाचे हातपाय झोपेत दचकल्यासारखे उडतात आणि जागं झाल्यावर थांबतात, तेही बहुधा साधंच असतं. जागेपणी झटके आले, बाळ निळं पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर मात्र लगेच डॉक्टर.

यात लोहाचा काय संबंध? रक्त कमी असलं की थकवा येतो, पाय का वळवळतील?

जनुकं आपल्या हातात नाहीत, लोह आहे. म्हणून या प्रश्नाला जरा जास्त वेळ देते.

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन हालचालींचा तोल सांभाळतं. ते बनवणाऱ्या यंत्रणेला लोह लागतं. आरएलएस असलेल्यांचा मेंदू मृत्यूनंतर तपासला तेव्हा हालचालींशी संबंधित भागात लोह कमी आढळलं. जिवंतपणी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, एमआरआय केला, तेव्हाही तेच दिसलं. काहींच्या रक्तात लोह ठीक असतं, तरी ते मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही.

आता गरोदरपण बघा. एका बाळंतपणात बाईला साधारण १००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं. तिचं स्वतःचं रक्त वाढतं, वार तयार होते, आणि बाळ आपली शिदोरी भरून घेतं. यातला मोठा भाग शेवटच्या तीन महिन्यांत जातो. वळवळही नेमकी त्याच तीन महिन्यांत जोर धरते. साधारण पाच गरोदर बायांमध्ये एकीला ती होते. हार्मोनही बदलतात, नसांवर ताण येतो, सगळा दोष लोहावर घालून चालणार नाही. पण तपासायला सोपी आणि भरून काढता येण्याजोगी गोष्ट तीच आहे.

बाळाकडून पाहिलं तर पहिले सहा महिने ते या शिदोरीवर जगतं, कारण अंगावरच्या दुधात लोह फार थोडं असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत, गर्भात किंवा जन्मानंतर लगेच लोह कमी पडलं तर मेंदूतल्या डोपामिनच्या यंत्रणेत झालेला बदल पुढे लोह देऊनही पुरता भरून आला नाही. माणसांत, आईचं रक्त कमी होतं म्हणून मुलाला मोठेपणी आरएलएस झाला, असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे कुठल्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. माझ्या आईने मला पोटात घेऊन कापूस वेचला, पाणी भरलं, सगळ्यांची पानं वाढून उरलं ते खाल्लं. यात तिचा कसला दोष? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायांपैकी ५२.२ टक्के ॲनिमियाच्या निघाल्या. एवढ्या बाया एकाच वेळी निष्काळजी नसतात. त्यांच्या ताटात कमी पडतं.

माझं हिमोग्लोबिन ११.४ आहे. मग लोह कमी कसं असेल?

हिमोग्लोबिन म्हणजे चुलीपाशी काढून ठेवलेलं पीठ, आणि फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप, ही कोठीतली ज्वारी. कोठी तळाला गेली तरी दोन दिवस भाकरी होते. गरोदरपणी ११ च्या वर हिमोग्लोबिन असलं की बाई ठीक समजली जाते, पण कोठी रिकामी असू शकते.

वळवळीचा त्रास असेल तर डॉक्टरांना फेरिटिन आणि लोहाच्या बाकी तपासण्या करायला सांगा. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलेलं बरं. या आजारात फेरिटिन ७५ किंवा खाली असलं तर लोह देण्याचा विचार करतात. लहान मुलांत ५० च्या खाली. लॅबच्या कागदावर ते बऱ्याचदा "नॉर्मल" म्हणून छापलेलं असतं, कारण तिथली खालची मर्यादा याहून बरीच कमी धरलेली असते. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. उपकेंद्रावर फक्त हिमोग्लोबिन होतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, तिथे हा विषय काढा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

लाल गोळी घेते, तरी फरक नाही. का?

आधी विचारते, कशासोबत घेता? आपल्याकडे सकाळी चहात भाकर बुडवून खायची आणि त्याच घोटाबरोबर गोळी गिळायची. चहा लोहाला आतड्यातच अडवतो. दूध आणि कॅल्शियमची गोळीही तेच करते. गोळी घ्या लिंबूपाण्याबरोबर, आवळ्याबरोबर किंवा पेरूच्या फोडीबरोबर, आणि चहा तासाभराने. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. एक बाई तेवढ्याच कारणाने गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवत होती. मी घरी गेले तेव्हा पूर्ण चार पाकिटं निघाली.

कळण्याच्या भाकरीबरोबर, भरताबरोबर लिंबू पिळायची सवय ठेवा. बाजरी, मेथी, उडीद, तीळ चांगलेच, पण कोठी तळाला गेली असेल तर नुसत्या जेवणाने भरत नाही. गोळीने भागलं नाही तर पहिले तीन महिने उलटल्यावर डॉक्टर शिरेतून लोह देऊ शकतात.

आमच्याकडे सिकलसेल आहे. लोह घ्यावं का?

सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा या पट्ट्यातल्या भिल्ल-पावरा घरांसाठी हा प्रश्न सगळ्यात आधीचा आहे. नुसते वाहक असाल तर गोळी बाकीच्यांसारखीच चालते. सिकलसेलचा आजारच असेल, आणि विशेषतः रक्त चढवलेलं असेल, तर अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. अशा वेळी तपासणी केल्याशिवाय लोह घेऊ नका. सिकलसेलचं कार्ड जवळ ठेवा आणि दाखवा.

सातव्या महिन्यात पहिल्यांदाच सुरू झालं. बाळंतपणानंतर जाईल ना?

बहुतेक बायांचं जातं. काहींचं बाळंतपण झाल्या-झाल्या, काहींचं काही आठवड्यांत. पण ज्यांना एकदा गरोदरपणी झालं, त्यांना पुढे कायमचा आरएलएस होण्याची शक्यता बाकीच्यांच्या साधारण चौपट असते, आणि पुढच्या खेपेला तो परत येऊ शकतो. म्हणून पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीच फेरिटिन बघून घ्या.

उलटीची गोळी चालू केल्यापासून पाय जास्त वळवळतात. भास आहे का?

भास नाही. मेटोक्लोप्रामाइड हे उलटीवरचं औषध मेंदूत डोपामिनच्या वाटेत येतं. गरोदरपणातल्या उलट्यांवर डॉक्सिलामाइन असलेल्या गोळ्या देतात. त्याने, तसंच सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी त्रास वाढू शकतो. नैराश्यावरची काही औषधंही वाढवतात. स्वतःहून काही बंद करू नका. पाकीट घेऊन जा आणि विचारा, दुसरं बसतं का.

रात्री दोन वाजता, सगळे झोपलेले असताना, काय करू?

उठा. पडून लढायला गेलात तर वाढतं. ओट्यावर दहा मिनिटं चाला. भिंतीला हात टेकून टाच जमिनीवर दाबून पोटरी ताणा, एकेक पाय तीसपर्यंत मोजून. काहींना कोमट पाण्याने बरं वाटतं, काहींना गाराने. मला माठाजवळच्या ओल्या फरशीवर उभं राहिलं की सुटका वाटते. नवऱ्याने पोटऱ्या चोळून दिल्या तर घ्या, त्यात लाजायचं काय? पट्टी बांधायची तर सैल बांधा, आजीसारखी करकचून नको. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. मिश्री आणि तंबाखू तर गरोदरपणी तोंडातच नको.

मेंदूवर काम करणाऱ्या गोळ्या गरोदरपणी शक्यतो टाळतात. एरवीही मोठ्यांना पूर्वी सर्रास देत त्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांनी वर्षा-दोन वर्षांत त्रास उलटा वाढू शकतो. तो संध्याकाळऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांतही येतो. तसं होत असेल तर डोस वाढवून घेऊ नका, डॉक्टरांशी बोला.

बाळासाठी बाळंतपणाच्या वेळी काही करता येतं का?

एक साधी गोष्ट आहे. बाळ बाहेर आल्या-आल्या नाळ चिमटायची घाई नको. जागतिक आरोग्य संघटना निदान एक मिनिट थांबा म्हणते. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळात जातं आणि पुढच्या कित्येक महिन्यांचं लोह मिळतं. मी हात लावून पाहिलंय, आधी नाळ टपटप उडत असते, मग हळूहळू मऊ, पांढरट आणि शांत होते. बाळाला श्वासाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर लगेच कापतील, तेव्हा हट्ट धरायचा नाही. पुढे सहा महिन्यांनी वरचं खाणं वेळेवर सुरू करा आणि आशाताई देतात ते लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा द्या.

आठ वर्षांचा मुलगा रात्री पाय आपटतो, "पायात मुंग्या पळतात" म्हणतो.

"हाडं वाढताहेत" म्हणून सोडून देऊ नका. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत ८ ते १७ वयाच्या मुलांत सुमारे दोन टक्क्यांना आरएलएस निघाला, आणि बहुतेकांच्या आई-वडिलांपैकी एकाला तरी होता. त्याचेच शब्द लिहून ठेवा, तुमचे घालू नका. मुंग्या, किडे, "पाय पळायला मागतात", जे म्हणेल ते. वर्गात चुळबूळ करतो म्हणून मार खाणाऱ्या मुलांमध्ये रात्री झोप न झालेली मुलं असतात. फेरिटिन बघून घ्या.

जनुकांची तपासणी करून घेऊ का?

पैसे वाचवा. आज तरी त्यावरून उपचार बदलत नाही. त्या पैशांत घरातल्या तिघांचं फेरिटिन होईल.

डॉक्टरांना नेमकं काय सांगू? दोनदा गेले, कॅल्शियम देऊन पाठवलं.

मलाही एका दवाखान्यात "घरात टेन्शन आहे का" एवढंच विचारून झोपेची गोळी दिली होती. मी नर्स असून गप्प घरी आले. म्हणून कळवळून सांगते, दाराशी चपला घालताना सांगू नका, खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच काढा. "पडलं की पाय हलवावेसे वाटतात, चाललं की थांबतं, रात्री वाढतं, घरात आईला आहे." किती वाजता सुरू होतं आणि आठवड्यात किती रात्री, हे कॅलेंडरवर खुणा करून न्या. माझ्या लेकीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन्सिलीने फुल्या मारल्या, सव्वीस दिवसांत एकोणीस. डॉक्टरांनी त्या मोजल्या आणि फेरिटिन लिहून दिलं. ते १४ आलं. आता ती रोज रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर लाल गोळी घेते, आणि फुल्या मारणं चालू आहे.